इस्लामी कलेत माणसा-प्राण्यांची चित्रं नसतातच, हे खरं आहे का?

अजिबात नाही. आणि या प्रश्नावर मला गप्प बसवत नाही, कारण एम.ए.ला याच वाक्यापायी माझे गुण गेले होते. फातिमी काळातल्या (दहाव्या ते बाराव्या शतकात तिथे राज्य केलेल्या मुस्लिम घराण्याच्या काळातल्या) इजिप्तच्या भांड्यांवर ससे, वादक रंगवलेले असतात, असं मी पेपरात लिहिलं होतं. सरांनी लाल शाईत शेरा मारला: 'इस्लाममध्ये चित्र निषिद्ध.' भेटायला गेले तर म्हणाले, "ते श्रीमंतांचे चोचले. अपवाद धरून नियम मांडायचा नसतो."

पुढे कैरोला जाणं झालं. बाब अल-खल्कच्या इस्लामी कला संग्रहालयात एका कपाटासमोर मी तासभर उभी होते. आत मातीच्या जाळीदार चकत्या होत्या, तळहातात मावतील एवढ्या, झिलई नसलेल्या. सुरईच्या गळ्यात आतून असायची ही जाळी. पाण्याची धार बेताची पडावी, माशी-किडा आत जाऊ नये म्हणून. माती अर्धवट सुकली की कुंभार ती भोकं पाडायचा आणि मग भाजायचा. एकीत मोर होता, पिसांमधली फट न् फट कोरलेली. दुसरीत हत्ती. सुरईच्या तोंडात डोकावल्याशिवाय जे कुणाला दिसणारही नाही, तिथे एवढी मेहनत!

या जाळ्या फुस्तातच्या उकिरड्यांतून निघाल्या. इजिप्तमधली ही पहिली मुस्लिम राजधानी, इ.स. ६४१ च्या सुमारास वसलेली. ११६८ मध्ये तिला आग लावली गेली आणि पुढे तिच्या बऱ्याच भागावर कैरोचा कचरा पडत राहिला. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ अली बहगत यांनी १९१२ पासून तिथे खणायला सुरुवात केली. साधी मातीची सुरई, फुटली की फेकून द्यायची. तिच्यातल्या मोराला श्रीमंतांचा चोचला कसं म्हणणार?

मशिदीत आणि कुराणाच्या पानांवर मात्र सजीव चित्रं टाळतात, आणि हदीसमध्ये, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत, चित्रकारांविरुद्ध कडक वचनं आहेत, तेही खरं. पुष्कळ जाळ्यांत नुसती भौमितिक नक्षी किंवा अक्षरंच असतात. पण 'नसतातच' हा 'च' चुकीचा आहे. तुम्ही शिकवत असाल तर मुलांना आधी वस्तू दाखवा, नियम नंतर सांगा. आणि विद्यार्थ्यानं पुराव्यानिशी वेगळं लिहिलं तर गुण कापण्याआधी पुरावा बघा. कैरो जमत नसेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही या जाळ्या आहेत.