ओसाकाला निघण्याआधी

प्रिय मित्रा,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा कार्यक्रम वाचला. आठवडाभर ग्राहकांच्या भेटी आणि शेवटच्या रविवारी 'कल्चर' म्हणून क्योटो. आधी एक दुरुस्ती. जानेवारीचा दुसरा सोमवार जपानमध्ये सुटीचा असतो, सज्ञान झालेल्या मुलामुलींचा सण असतो त्या दिवशी. ती भेट मंगळवारी घे. आणि क्योटो या खेपेला सोडून दे. तिथली देवळं कुठे पळून जात नाहीत. तू औषधांच्या कच्च्या मालाच्या व्यापाराला निघाला आहेस आणि तोही ओसाकात, तर तेच गाव नीट बघ.

क्योटो दरबाराचं गाव, ओसाका पेठेचं. १७३० साली शोगुनने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाने, इथल्या दोजिमाच्या तांदूळबाजाराला रीतसर मान्यता दिली. तांदळाचा दाणाही न हलवता तिथे पुढच्या तारखांचे सौदे व्हायचे. वायदेबाजाराचा इतिहास सांगणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. त्याआधी १७२४ मध्ये पाच व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घालून कैतोकुदो नावाची पाठशाळा काढली होती. अशा गावातले देव, नाटकं, खाणं, विनोद, सगळं पेठेतूनच आलेलं असतं. ग्राहक आत्ता असा का वागला, याचं उत्तर तुला मीटिंगच्या खोलीपेक्षा तिथे लवकर सापडेल.

तुझ्या भेटी दोशोमाचीत आहेत. ही औषधवाल्यांची गल्ली. ताकेदाचा धंदा इथे १७८१ मध्ये सुरू झाला, शिओनोगीचा १८७८ मध्ये. इमारतींच्या फटीत सुकुनाहिकोना नावाचं छोटं देऊळ आहे, औषधांच्या देवाचं. १८२२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा इथल्या औषधवाल्यांनी गोळ्या बनवून वाटल्या आणि सोबत कागदाच्या लगद्याचा वाघ दिला. तो वाघ आजही नोव्हेंबरच्या उत्सवात मिळतो. पहिल्या भेटीच्या दहा मिनिटं आधी जाऊन हात जोडून ये. बैठकीत त्याचा उल्लेख करायलाच हवा असं नाही, पण समोरच्याने विषय काढला तर तुझ्याकडे बोलायला काहीतरी असेल.

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं वगैरे तुला यूट्यूब सांगेल. त्यात चुकलास तरी कोणी ऑर्डर रद्द करत नाही. ऑर्डर जाते ती भलत्याच ठिकाणी. समज, तुझ्या कारखान्याने ड्रमच्या आतली पॉलिथिनची पिशवी दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतली. माल तोच, सीओए म्हणजे तपासणीचा दाखला स्वच्छ, एचपीएलसी या शुद्धतेच्या चाचणीत एक टिंबही वाढलेलं नाही. तुझ्या मते काहीच झालं नाही. ओसाकातला माणूस मात्र फाइल उघडेल आणि दोन खेपांचे फोटो शेजारी शेजारी ठेवेल. मागच्या वेळी पिशवीचं तोंड निळ्या पट्टीने बांधलेलं, या वेळी पांढऱ्या. तो रागावणार नाही, आवाजही चढवणार नाही. फक्त विचारेल, हे कधी बदललं, कोणी ठरवलं आणि आम्हाला का कळवलं नाही? तिसऱ्या प्रश्नाला 'त्याने काय फरक पडतो?' असं उत्तर दिलंस की संपलंच. आज पट्टी न सांगता बदलली, उद्या सॉल्व्हंट बदलाल, असा हिशेब तो मनात मांडतो आणि त्याच्या जागी बसून बघितलं तर तो चूक नाही. म्हणून बदल करण्याआधी कळव, लेखी कळव आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांब. आपल्या कारखान्यात हे पचवून घेणं हेच तुझं खरं काम आहे. जपानी माणसाला समजावणं त्या मानाने सोपं.

मास्टर फाइलचे, म्हणजे माल कसा बनतो याची माहिती जपानी सरकारकडे नोंदवण्याचे, कागद तयार ठेव. परदेशी कंपनीला या फाइलसाठी जपानमध्ये प्रतिनिधी नेमावा लागतो. तो कोण, हे पहिल्याच भेटीत विचारतील.

एक संध्याकाळ निप्पोनबाशीच्या राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृहासाठी राखून ठेव. बाहुल्यांचं नाटक म्हणजे पोरखेळ समजू नकोस. एकेक बाहुली तीन माणसं हलवतात, एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. जाण्याआधी चिकामात्सू या नाटककाराच्या 'सोनेझाकी शिंजू'ची गोष्ट वाचून जा. १७०३ सालचं हे नाटक, ओसाकात नुकत्याच घडलेल्या घटनेवर बेतलेलं. तोकुबेई हा सोयासॉसच्या पेढीवरचा कारकून. तो मित्राला पैसे उसने देतो आणि त्याच्या शिक्क्याचा कागद घेतो, शिक्का म्हणजे तिथली सहीच. वेळ आल्यावर मित्र उलटतो, 'माझा शिक्का तर आधीच हरवला होता, तशी नोंद केली आहे, हा कागद तूच बनावट केलास.' भर गर्दीत तोकुबेईला मार बसतो, बाजारातली पत जाते, आणि तो व त्याची प्रेयसी ओहात्सू मरण पत्करतात. सगळे तिला प्रेमकथा म्हणतात. मला मात्र वाटतं, त्या वेळी पुढ्यात बसलेल्या व्यापाऱ्यांना त्या शिक्क्याचाच जास्त घोर लागला असेल.

तुझं कोटेशनही तिथे शिक्क्यांवरच फिरणार आहे. आता पुष्कळ ठिकाणी शिक्का संगणकावर मारतात, पण वाट तीच. तू बैठकीत बसलास, सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणजे होकार मिळाला असं धरू नकोस. कागद खालच्या माणसाकडून वर वर जातो आणि प्रत्येक जण त्यावर आपली पत लावतो. सगळ्यात खालचा, गप्प बसून टिपणं घेणारा जो तुझ्याच वयाचा असेल, त्याच्यासाठी कागद तयार कर. त्याला वरिष्ठासमोर उत्तर देता येईल असा. साहेबांना खूश करत बसण्यापेक्षा हे कितीतरी फळतं. मग एखाद महिना काहीच कळणार नाही. तेव्हा रोज फोन करून पिच्छा पुरवू नकोस.

भावाबद्दल मात्र ओसाकाकर मोकळे असतात. एखादी वस्तू किती स्वस्तात मिळाली हे ते अभिमानाने सांगतात. तोक्योची सवय असलेला विक्रेता बिचकतो, आपल्याला काही वाटायचं कारण नाही. घासाघीस कर, हसत कर, पण एकदा दिलेला भाव कच्चा माल महागला म्हणून महिन्याने फिरवू नकोस.

तू जातोयस त्याच दिवसांत, ९ ते ११ जानेवारीला, इमामिया एबिसूची जत्रा आहे. धंद्याचा देव. लोक बांबूची डहाळी घेतात आणि तिच्यावर सोन्याची नाणी, तांदळाची पोती असल्या शुभवस्तूंच्या प्रतिकृती लटकवून घरी नेतात. एबिसूला कमी ऐकू येतं म्हणे, म्हणून पुढून दर्शन झालं की देवळामागे जाऊन भिंत बडवतात आणि पुन्हा मागणं मागतात. सूट-टाय घातलेले साहेबलोक बडवताना बघ. त्यांच्याशी बोलण्याची भीती निम्मी कमी होईल.

रविवारी क्योटोऐवजी नांबाहून इकोमाला जा, गाडीने वीसेक मिनिटं. वर डोंगरावर होझान-जी या देवळाला जाणारी केबल कार १९१८ ची आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गजाननच, बौद्ध वाटेने जपानला पोचलेला, आणि ओसाकाच्या व्यापाऱ्यांची त्याच्यावर मोठी श्रद्धा. मूर्ती दाखवत नाहीत, तेव्हा हट्ट धरू नकोस. मुळा आणि पैशाची थैली या त्याच्या खुणा जागोजाग दिसतील. या देवाला तळलेली, गोड सारणाची पुरचुंडी वाहतात. तळणीचा मोदक ओळखायला तुला दुभाषा लागणार नाही.

खाण्याचं आधी कळव, लेखी. 'शाकाहारी' म्हटलं तरी रस्सा माशाच्या अर्काचा असू शकतो, म्हणून 'मासळीचा अर्कही नको' असं स्पष्ट लिही. खात असशील तर ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेले पिठाचे गोळे, जरूर खा, पण पहिला गोळा फोडून जरा निवू दे, आत लाव्हा असतो. कुशिकात्सुच्या, म्हणजे काडीला टोचून तळलेल्या तुकड्यांच्या, दुकानात सॉस सामाईक असेल तर त्यात काडी एकदाच बुडवायची. उष्टं खपत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभा राहा, तोक्योच्या उलट.

जाण्याआधी वर्षभराच्या सुट्ट्यांचा तक्ता छापून घे, त्यात गणपती आणि दिवाळीत प्लँट किती दिवस बंद असतो ते ठळक लिही. कामगार गावी गेले हे कारण ऑक्टोबरात ऐकायला त्यांना आवडत नाही, जानेवारीत सांगितलं तर ते आपला साठा तसा ठरवतात. आणि सॅम्पल बॅगेत घालून नेऊ नकोस. एमएसडीएस, म्हणजे मालाच्या सुरक्षिततेचं माहितीपत्रक, जोडून कुरिअरने आजच पाठव.

कळावे.