वाचकांचे प्रश्न : रहस्यकथा पानावरची आणि पडद्यावरची

प्रश्न : शेरलॉक होम्सच्या कथा वाचताना डॉ. वॉटसन समंजस आणि धीराचा माणूस वाटतो. जुन्या कृष्णधवल चित्रपटांत मात्र तो वेंधळा आणि विसराळू दाखवला आहे. मूळ कथांतला वॉटसन नेमका कसा आहे, आणि चित्रपटवाल्यांनी त्याची अशी अवस्था का केली?

उत्तर : आपण पाहिलेले चित्रपट बहुधा बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस या जोडीचे असावेत. १९३९ ते १९४६ या काळात या दोघांनी होम्स-वॉटसनचे चौदा चित्रपट केले. त्यांपैकी पहिले दोन व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडतात, तर उरलेल्या बारांमध्ये होम्सला उचलून थेट त्या वेळच्या वर्तमानात आणले आहे. ब्रूस विनोदाची उत्तम जाण असलेला नट होता, पण त्याच्या वॉटसनमुळे पुष्कळांचा कायमचा गैरसमज झाला, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. आर्थर कॉनन डॉयलचा वॉटसन लष्करातला शल्यविशारद आहे, अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत जखमी होऊन तो परतलेला आहे, आणि प्रसंग धोक्याचा असला की होम्स त्यालाच रिव्हॉल्व्हर घेऊन बरोबर यायला सांगतो. होम्ससारखा माणूस अशा वेळी बावळटाला सोबत नेणार नाही.

‘का केली’ हा आपल्या प्रश्नाचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. वॉटसनचे खरे काम लिहिण्याचे आहे. चार कादंबऱ्या आणि ५६ लघुकथा अशा एकूण ६० कथांपैकी केवळ चार कथांचे निवेदन त्याच्याकडे नाही. होम्सला दिसतो तोच चिखल, तीच राख, तोच झिजलेला बूट वॉटसनलाही दिसतो. त्यांचा अर्थ त्याला लागत नाही, तरीही दिसले ते सारे तो प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो, आणि म्हणून दुवा वाचकाच्या डोळ्यांसमोर असूनही त्याच्या लक्षात येत नाही. ही सोय किती मोलाची आहे, हे १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या दोन कथांत डॉयलने लेखणी खुद्द होम्सच्या हाती दिली, त्या वाचल्या की कळते. त्यांतल्या एका कथेत, आपण लिहायला बसल्यावर वाचकाचे मन रमेल अशा रीतीनेच हकिगत मांडावी लागते हे ध्यानात येते, अशी कबुली होम्स देतो. माझ्या मते या दोन्ही कथा फिक्या उतरल्या आहेत, कारण सारे ओळखणाऱ्या माणसाने मुद्दाम गप्प बसायचे ठरवले की त्याचे ते गप्प बसणे वाचकाला जाणवत राहते.

पडद्यावर वॉटसनची ही लेखणीच कॅमेरा काढून घेतो. पाहण्याचे आणि दाखवण्याचे काम यंत्र करू लागल्यावर वॉटसनला काम उरत नाही, आणि नुसता उभा असलेला माणूस कंटाळवाणा दिसतो म्हणून त्याला विदूषक केले जाते. ग्रॅनडा टेलिव्हिजनने १९८४ ते १९९४ या काळात जेरेमी ब्रेटला घेऊन जी मालिका केली, तिच्यात आधी डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक यांनी या पेचातून अधिक सभ्य वाट काढली. त्यांचा वॉटसन होम्सची काळजी वाहणारा, त्याच्या व्यसनाबद्दल त्याला टोकणारा, स्वतःची बुद्धी असलेला मित्र आहे. बीबीसीच्या २०१०च्या आधुनिक रूपांतरात वॉटसन ब्लॉग लिहितो, म्हणजे लेखणी त्याला नावापुरती परत मिळाली आहे. पण त्याच मालिकेत होम्सने टिपलेले तपशील अक्षरांच्या रूपाने पडद्यावर उमटतात, आणि प्रेक्षक वॉटसनच्या जागेवरून उठून होम्सच्या डोक्यात जाऊन बसतो. ही युक्ती चमकदार आहे खरी, पण वॉटसनच्या शेजारी बसून चकित होण्यातली गंमत तिने घालवली, असे मला वाटते.

प्रश्न : होम्सची ती दोन्हीकडे टोके असलेली टोपी आणि वाकडा पाइप मूळ कथांत आहेत का?

उत्तर : होम्स पाइप ओढतो, पण तो वाकडा असल्याचे कथांत कुठेही म्हटलेले नाही. १८९९ पासून रंगभूमीवर होम्सची भूमिका गाजवणाऱ्या विल्यम जिलेट या अमेरिकी नटाला त्याचे श्रेय देण्याची प्रथा आहे. टोपी ‘स्ट्रँड’ मासिकाचा चित्रकार सिडनी पॅजेट याची देणगी आहे. डॉयलने प्रवासात घालायच्या टोपीचा उल्लेख केला आहे, तिला तो विशिष्ट घाट पॅजेटने दिला. ती टोपी घालून होम्स लंडनच्या रस्त्यांवर सर्रास हिंडतो, हा मात्र पुढच्या नटांचा आणि जाहिरातदारांचा हट्ट आहे. ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे सलग वाक्यही साठांपैकी एकाही कथेत आढळत नाही.

प्रश्न : अगाथा ख्रिस्ती यांची ‘अँड देन देअर वेअर नन’ ही कादंबरी वाचल्यावर तिच्यावरचा १९४५चा चित्रपट पाहिला. शेवट पूर्णपणे बदललेला पाहून संताप आला. असा बदल करण्याचा अधिकार दिग्दर्शकाला आहे का?

उत्तर : (ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही, त्यांनी कृपया पुढच्या प्रश्नाकडे वळावे.) आपला संताप समजण्यासारखा आहे, पण दिग्दर्शक रने क्लेअर यांच्यावर तो काढणे अन्यायाचे होईल, कारण शेवट खुद्द ख्रिस्तीबाईंनीच बदलला होता. कादंबरी १९३९ची आहे. तिचे नाट्यरूपांतर बाईंनी स्वतः केले, ते १९४३ साली रंगभूमीवर आले, आणि चित्रपटाने नाटकातला शेवट स्वीकारला. कादंबरीत बेटावर कोणीही जिवंत उरत नाही, पोलीसही हतबुद्ध होतात, आणि उलगडा होतो तो समुद्रात सोडलेल्या बाटलीतल्या लेखी कबुलीजबाबामुळे. ती कबुली वाचणारा वाचक पुस्तकाला सहज मिळतो, पण रंगमंचावर सारेच मेल्यावर बोलायचे कोणी? गंमत अशी की नव्या शेवटाची सोय ज्या बालगीतावर कथा उभी आहे, त्यातच होती. त्या गीताच्या शेवटच्या ओळीची दोन रूपे प्रचलित होती : एकात उरलेला एकटा गळफास घेतो, तर दुसऱ्यात तो लग्न करतो. कादंबरीसाठी बाईंनी पहिले रूप वापरले आणि नाटकासाठी दुसरे.

मूळचा काळाकुट्ट शेवट पडद्यावर पाहायचा असल्यास सोव्हिएत दिग्दर्शक स्तानिस्लाव गोवोरुखिन यांचा १९८७चा चित्रपट किंवा बीबीसीची २०१५ची तीन भागांची मालिका पाहावी. मला स्वतःला गोवोरुखिन यांची आवृत्ती अधिक भावते, कारण प्रेक्षकाला दिलासा देण्याची घाई तिला कुठेही नाही.

प्रश्न : चित्रपटात ओळखीचा नट छोट्या भूमिकेत दिसला की खुनी तोच असणार हे लगेच कळते. मग रहस्यकथेवर चित्रपट काढण्यात अर्थ काय? आणि काही दिग्दर्शक गुन्हेगार आधीच का दाखवून टाकतात?

उत्तर : आपल्या पहिल्या तक्रारीवर सिडनी ल्युमेट यांनी १९७४ साली ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये नामी तोड काढली. इंग्रिड बर्गमन, शॉन कॉनरी, लॉरेन बकॉल, व्हनेसा रेडग्रेव्ह, जॉन गिलगुड, अँथनी पर्किन्स असे नामवंत त्यांनी एकाच डब्यात कोंबले. सगळेच ओळखीचे असल्यामुळे चेहऱ्यावरून अंदाज बांधण्याची सोयच राहिली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ मात्र खोल आहे. खुनी कोण एवढ्याच प्रश्नावर चालणाऱ्या कथेत कुतूहल असते पण भावना नसते, असे रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक मानत असे, आणि म्हणून तो तिच्यापासून सहसा दूर राहिला. लेखक ‘खोलीत चौघे होते’ एवढेच लिहून त्यांतल्या एकाचा थरथरणारा हात गाळू शकतो, आणि वाचकाला ती लबाडी वाटत नाही. कॅमेऱ्याने मात्र तो हात चौकटीबाहेर ठेवला, की काहीतरी लपवले जात आहे हे प्रेक्षकाला लगेच कळते. गुन्हा आणि गुन्हेगार आधी दाखवून तपास नंतर रंगवायचा, ही उलटी मांडणी तशी पुस्तकातलीच आहे. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२च्या संग्रहात ती वापरली होती, आणि पीटर फॉकच्या ‘कोलंबो’ या टीव्हीवरच्या गुप्तहेर मालिकेने पुढे तिच्यावरच आपला संसार थाटला.

सत्यजित राय यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्यांच्या ‘सोनार केल्ला’ या, फेलूदा नावाच्या गुप्तहेराच्या कादंबरीत खलनायकांची खरी ओळख बराच वेळ झाकलेली आहे. १९७४ साली त्यांनीच तिच्यावर चित्रपट केला, तेव्हा ती ओळख प्रेक्षकांना प्रारंभीच करून दिली, आणि फेलूदाला ते कधी कळेल ही धाकधूक चित्रपटभर पुरवली. लेखक आणि दिग्दर्शक एकच असल्यामुळे मूळ पुस्तक न समजल्याचा आरोप येथे कोणालाही करता येणार नाही. मात्र आपण दोन्हींचा आस्वाद घेणार असाल, तर कादंबरी आधी वाचावी. तिने चित्रपटाचे काही बिघडत नाही, पण चित्रपट आधी पाहिला तर कादंबरीतले अर्धे कोडे वाया जाते.