चिकोडीत केए २३ च्या एका गाडीवर ७३९३ हा नंबर बघितला, त्यावरनं प्रश्न पडला: शेवटचा अंक खोडत गेलं तरी मूळ संख्याच (१ आणि स्वतः सोडून कशानंच पूर्ण भाग न जाणारी) राहते, अशी सगळ्यात मोठी संख्या कोणती?

७,३९,३९,१३३ ही. उजवीकडून एकेक अंक खोडत जावा, ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७, सगळ्या मूळ संख्याच हायत, आणि तुम्ही चिकोडीत केए २३ च्या गाडीवर बघितलेला ७३९३ ह्याच साखळीतला की हो! पुढं का जात नाही तर शेवटी सम अंक किंवा ५ लावला की संख्या लगेच भागली जाते, म्हणून फक्त १, ३, ७, ९ लावून बघायचं. आता हिच्या अंकांची बेरीज ३८, १ लावला तर ३९ आणि ७ लावला तर ४५, दोन्हीला ३ नं भाग जातो, वहीवर मांडून बघा लगेच कळतंय. ३ आणि ९ लावूनपण मूळ संख्या येत नाही, ते तपासायला मात्र कॉम्प्युटर घ्या. अशा संख्या एकूण ८३ च हायत, खरंच सुंदर गोष्ट हाय ही. फक्त एक, हे दशमान पद्धतीत आणि उजवीकडून खोडलं तरच. डावीकडून खोडायचं आणि शून्य वापरायचं नाही म्हटलं तर सगळ्यात मोठी २४ अंकी निघते, ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७.