बी.ए. मानसशास्त्र: खर्च किती, आणि वसूल कधी?

प्रश्न: मुलगी कला शाखेतून बारावी झाली. तिला मानसशास्त्रात बी.ए. करायचंय. रत्नागिरीत वर्षाची फी 14 हजार आणि खोली-मेस महिना साडेसहा हजार पडेल. मुंबईत फी 25 हजार, राहणं-खाणं महिना 13 हजार. घर हापूसच्या बागेवर चालतं. हा खर्च वसूल होईल का?
— एक आई, देवगड

उत्तर: नुसत्या बी.ए.वर थांबायचं असेल तर लवकर होणार नाही. वर्षाचे दहा महिने धरले, तर रत्नागिरीत तीन वर्षांचे 2 लाख 37 हजार होतात. त्यात न कमावलेला पैसाही मिळवा. तोच आकडा सगळे विसरतात. बारावीनंतर लगेच महिना 10 हजारांचं काम मिळालं असतं असं धरलं, तर तीन वर्षांचे 3 लाख 60 हजार. एकूण जवळपास सहा लाख. तोवर ते बारावीवालं काम 13 हजारांवर गेलं आणि बी.ए.ला 15 हजार मिळाले, तर फरक महिना दोन हजारांचा. त्या फरकातून सहा लाख भरून निघायला 25 वर्षं लागतील.

म्हणून हिशेब पहिल्या दिवसापासून पाच वर्षांचा करा, बी.ए. अधिक एम.ए. पाच वर्षं मुंबईत काढली आणि एम.ए.ची फी वर्षाला 40 हजार धरली, तर 8 लाख 5 हजार लागतील. बी.ए. रत्नागिरीत आणि फक्त एम.ए. मुंबईत केलं, तर 5 लाख 77 हजार. सव्वादोन लाखांहून जास्त वाचतात. आमचं स्पष्ट मत: बी.ए. रत्नागिरीत करा आणि वाचलेली रक्कम एम.ए.साठी राखून ठेवा. पाच वर्षांची बुडालेली कमाई, म्हणजे सहा लाख, मिळवली तरी एम.ए.नंतर 25 हजार मिळाले, तर 13 हजारांच्या तुलनेत सव्वाआठ वर्षांच्या आसपास पैसे सुटतात. घरी राहिली असती तरी जेवणखर्च होताच, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा कमीच.

मात्र प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन एक गोष्ट विचारा: मानसशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून आहे का? काही ठिकाणी ते फक्त मायनर, म्हणजे दुय्यम विषय, असतं. मग एम.ए.च्या दारात अडवणूक होते आणि तीन वर्षांचा खर्च वाया जातो. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर पुढचं एम.ए. एका वर्षाचंही होऊ शकतं, तेही विचारून घ्या.

बागेचा पैसा मे अखेर हातात येतो, त्यामुळे जूनची फी निभते. अडचण दुसऱ्या सत्राला. नोव्हेंबर-डिसेंबरात मोहोराच्या फवारण्या असतात, नेमकी तेव्हा तंगी. ती रक्कम मेमध्येच वेगळी काढून ठेवा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून अर्ज परत येतात.

एम.ए.ला शैक्षणिक कर्ज घ्यायची वेळ आली, तर 4 लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार लागतो. मुंबईतल्या एम.ए.च्या दोन वर्षांचा खर्च 3 लाख 40 हजार, तेवढंच कर्ज, 10 टक्के व्याज, सात वर्षं: हप्ता सुमारे 5,640 रुपये. मुंबईत पगार 20 हजार आणि खर्च 13 हजार असेल तर हातात जेमतेम चौदाशे उरतील. शिकताना व्याज भरत राहिलात तर हप्ता फुगत नाही.

आणि तलाठी, बँक, एमपीएससी यांना कुठलीही पदवी चालते. मुलीचा ओढा तिकडे असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो, मग बी.ए. पुरे.

प्रश्न: बी.ए. झालं. घरचा होमस्टे बघतो. दूरशिक्षणातून एम.ए. केलं तर?
— वाचक, गुहागर

उत्तर: तो मार्ग बंद झालाय. जुलै-ऑगस्ट 2025च्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं आहे. कुणी अजूनही प्रवेश देतो म्हणाला तर पैसे भरू नका. नियमित एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) बघा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात समुपदेशकाच्या जागांना बहुधा यांपैकीच एक लागतं. पण त्या कंत्राटी असतात, हे धरून चाला. लोटे-परशुरामच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात जायचं तर सीईटी देऊन एम.बी.ए. जास्त उपयोगी.

प्रश्न: तीन महिन्यांचा समुपदेशन डिप्लोमा, फी 45 हजार. नंतर क्लिनिक टाकता येईल असं सांगतात.
— वाचक, चिपळूण

उत्तर: घेऊ नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. त्यासाठी परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रमच पूर्ण करावा लागतो, साधं एम.ए.सुद्धा चालत नाही. 1992च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय असं काम करणं हा गुन्हा आहे. संस्थेकडे परिषदेचं मान्यतापत्र मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्या संस्थेचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव आहे का, हे स्वतः ताडून बघा.