आपटा की कांचन?

चिऊ,

तू विचारलंस ना की अंगणात नळाजवळ आपोआप उगवलेल्या झाडाला आजी आपटा म्हणते आणि शेजारचे काका कांचन म्हणतात, तर खरं काय, आणि दसऱ्याला त्याचीच पानं सोनं म्हणून अख्ख्या वर्गात वाटू का. काल ड्युटीवरून रूमवर आलो आणि तुझे फोटो झूम करकरून बघितले. दोन्हीचं पान मधे चिरलेलं, गाईच्या खुरासारखं, म्हणून भले भले फसतात. मुंबईत दसऱ्याच्या बाजारात कांचनच्या फांद्या आपटा म्हणून सर्रास विकतात.

हातात घेतलं की कळतं पण. कांचनचं पान मोठं, तळहाताएवढं, पातळ. आपट्याचं बुटकं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड आणि खरखरीत, मागून फिकट. तू पट्टी ठेवून फोटो काढलास ते फार बरं केलंस, रुंदी ४ सेंटीमीटर आणि लांबी ३ पण नाही, म्हणजे आजीचंच बरोबर, आपटाच आहे तो! पक्की खात्री फुलांवरून होईल, कांचनला मोठी गुलाबी, जांभळी नाहीतर पांढरी फुलं येतात, आपट्याला उन्हाळ्यात छोटी पिवळट पांढरी, तुऱ्यासारखी. पण त्याला अजून वेळ आहे.

सोनं का म्हणतात, तर कौत्साची गोष्ट आहे. गुरुदक्षिणेसाठी त्याला १४ कोटी मोहरा हव्या होत्या, तो रघुराजाकडे गेला, मग कुबेराने आपट्याच्या झाडावर मोहरांचा पाऊस पाडला. कौत्साने लागतील तेवढ्याच घेतल्या आणि उरलेल्या राजाने लोकांना लुटायला दिल्या, म्हणून आपण सोनं लुटतो. मला त्यातलं 'लागतील तेवढ्याच' हे फार आवडतं.

म्हणून वर्गात वाटायला नको गं. झाड तुझ्या खांद्याएवढं पण नाही, चाळीस मुलांना वाटलंस तर बिचाऱ्याचा नुसता खराटा होईल. पाच पानं तोड, फांदी न ओरबाडता, एकेक देठापासून. एक देवापुढे ठेव, एक आजीला देऊन पाया पड, एक काकांना दे आणि "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हण, एक तुझ्या मैत्रिणीला. पाचवं माझं, ते तुझ्या भूगोलाच्या वहीत दाबून ठेव, मी दिवाळीत आलो की घेईन.

तुझा बाबा