कासवाची पिल्लं थेट पाण्यात का सोडत नाहीत?

प्रश्न : कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर पिल्लं वाळूवर सोडतात, ती धडपडत जातात. उचलून पाण्यात ठेवली तर त्रास वाचणार नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : किनाऱ्यावर हे रोज कुणीतरी विचारतं, बहुतेकदा मोबाइल पुढे धरून! त्रास वाचेल, पण पिल्लाचं नुकसान होईल. वाळूवर सरपटतानाच ते उजेडावरून समुद्राची दिशा धरतं. म्हणून टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवायला आम्ही ओरडतो. आम्ही फक्त सकाळ-संध्याकाळ घरट्यांवरच्या टोपल्या उचलतो, बाहेर आलेली पिल्लं पाण्यापासून थोडी अलीकडे ठेवतो आणि बाजूला होतो.

खरी कसोटी आधीच असते. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. कुत्री-कोल्ही पोचण्याआधी ती काढून कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, आणि काढताना अंडं फिरवायचं नाही. वरची बाजू वरच! काही तासांत आतला जीव कवचाला चिकटतो, मग अंडं उलटलं की तो मरतो. पुढे पन्नासेक दिवस थांबायचं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, पण ते आमच्या हातात नाही.

वेळासच्या कासव महोत्सवाला या, फक्त भरतीच्या रेषेवर उभे राहू नका.