सरकारी मदतीच्या योजना कालबाह्य झाल्या आहेत का? त्या बदलाव्यात, की सगळ्या बंद करून गरिबांच्या खात्यात एकच रक्कम टाकावी?

बदलाव्यात, पण आधी त्यांतले आकडे बदला. नवं नाव, नवा फॉर्म, नवं पोर्टल हे आपल्याकडे होतच असतं. जागचे हलत नाहीत ते आकडे.

मी मुख्यतः महाराष्ट्रातल्या निराधारांच्या योजनांबद्दल बोलतो. ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून देतो, त्यामुळे हे नियम मला जवळून माहीत आहेत. निराधारांना दरमहा पैसे देणारी संजय गांधी निराधार आणि पासष्टीपुढच्या गरीब वृद्धांसाठीची श्रावणबाळ या योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली आहे (दिव्यांगांसाठी ५०,०००). २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, तेही अख्ख्या घराचे. आता हे रोजगार हमी योजनेशी (रोहयो) ताडून बघा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोहयोची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती आणि कायद्याने वर्षाला १०० दिवस कामाची हमी होती. घरातल्या एकाच माणसाला ते काम मिळालं, तर ७१व्या दिवशी ते कुटुंब निराधारच्या मर्यादेबाहेर जातं. एका हाताने सरकार कामाची हमी देतं आणि दुसऱ्या हाताने त्याच मजुरीवर बोट ठेवतं.

प्रत्यक्षात काय होतं? उत्पन्नाचा दाखला २१ हजारांच्या आतला ‘बसवला’ जातो. अर्जदाराला ते माहीत असतं, दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं. ज्याची कुणाशी ओळख नाही किंवा जो खरा आकडा सांगून बसतो, तो बाहेर राहतो. मर्यादा इतकी खाली ठेवायची की खऱ्या गरजू माणसालाही खोटं बोलावं लागावं, आणि मग बोगस लाभार्थी शोधायची मोहीम काढायची! मला यात लाभार्थ्यापेक्षा नियम करणाऱ्याचा दोष जास्त दिसतो.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वयाची अट २१ ते ६५. म्हणजे दोन लाख उत्पन्नाच्या घरातली बाई पासष्टीपर्यंत दरमहा १,५०० रुपयांना पात्र, आणि पासष्टी ओलांडली की तिला श्रावणबाळकडे बोट दाखवायचं, जिथे मर्यादा २१ हजारांची. जेव्हा हातपाय थकतात नेमकी तेव्हाच ती ‘श्रीमंत’ होते. दोन्ही योजना एकाच राज्य सरकारच्या, पण दोन्हींचे नियम शेजारी ठेवून कुणी वाचलेले दिसत नाहीत.

रकमेचं तर विचारू नका. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ७९ वर्षांपर्यंतच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. २००७ मध्येही तो २०० च होता. आपलं राज्य वर भर घालतं म्हणून हातात १,५०० पडतात, पण ती भरही वाढते ती सरकारच्या मनात येईल तेव्हा. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता मात्र जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. (त्यांना तो मिळू नये असं मी म्हणत नाही.) खासदारांनी तर २०१८ मध्ये कायद्यातच सोय करून घेतली: दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे पगारवाढ. त्याच नियमाने त्यांचा पगार एक लाखावरून १ लाख २४ हजार झाला. म्हणजे महागाईशी रक्कम कशी जोडायची हे आपल्या व्यवस्थेला उत्तम कळतं.

मग गरिबांसाठी का होत नाही? तिजोरीवर बोजा पडेल हे उत्तर मिळतं आणि ते अगदीच खोटं नाही. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. रक्कम आपोआप वाढायला लागली तर वाढीची घोषणा कोण करणार आणि फ्लेक्सवर फोटो कुणाचा लावणार? निवडणुकीआधी दिलेली वाढ भेट वाटते, निर्देशांकाने मिळालेली वाढ हक्क होते.

सगळं बंद करून एकच रक्कम द्यावी हे मात्र मला पटत नाही. रोख रकमेला महागाई कुरतडते. रेशनवरचं माणशी ५ किलो धान्य भाव कितीही चढले तरी ५ किलोच राहतं. तिथे गोठलेला आकडा निराळा आहे. किती लोकांना धान्य द्यायचं, ते अजून २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने चालतं. त्यानंतर घरात आलेल्या सुनेचं किंवा जन्मलेल्या पोरांचं नाव कार्डावर चढवून धान्य मागायला गेलं, की इष्टांक (ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या) संपला असं सांगून परत पाठवलं जातं.